ओल्यासाठी एक, सुक्यासाठी एक

मंगळवारी दुपारी मी भाजीच्या दुकानात फ्लॉवरचा गड्डा उलटासुलटा करून बघत होते, तेव्हा मागून मर्लचा आवाज आला, "तो लाल तू वापरतेस का गं?" गड्डा माझ्या हातून पडला वगैरे नाही. मी तो नीट जागेवर ठेवला, पानं सारखी केली आणि मगच मागे वळले. मर्लचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. आम्ही पोहतो त्या तलावाच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरली होती ती, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आणि त्याबद्दल तिला दुःखापेक्षा रागच जास्त होता. तिने सांगितलं की शाळेतल्या शॉनाचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलंय, डावी बाजू पूर्ण काढणार आहेत. शॉनाचं माप साधारण माझ्याएवढंच. हात हा असा. कोरलला टोप्यांपलीकडे काही विणता येत नाही. ओल्यातला दोरा ताज्या टाक्यांवर टोचतो, तेव्हा सुक्यातलाच हवा. "वापरत नसशील तर रविवारी घेऊन ये. वापरत असशील तर राहू दे, मी बघेन काहीतरी," ती म्हणाली. मी म्हटलं, आणते. मग मी फ्लॉवर न घेताच घरी आले, आणि जेवायला काय करायचं ते संध्याकाळपर्यंत सुचलं नाही.

लाल म्हणजे लाल दोऱ्याने विणलेला स्तन. आत कापूस, मध्यभागी दोऱ्याचं छोटं बोंड. मर्ल हे पस्तीस वर्षं विणतेय. आमच्या तलावावर येणाऱ्या ज्या बाईला स्तन काढून घ्यावा लागतो तिला दोन मिळतात, ओल्यासाठी एक आणि सुक्यासाठी एक. ओल्यातला लवकर वाळणाऱ्या दोऱ्याचा, आत कापूस कमी, पोहण्याच्या पोशाखात सरकवायला. सुक्यातला मऊ सुती दोऱ्याचा, रोजच्या ब्रामध्ये. जूनमध्ये तिने कागदी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली तेव्हा अंगाच्या रंगाचा सुती दोरा संपला होता, म्हणून सुक्यातला टोमॅटोसारखा लाल झाला. "आत कोण बघणार आहे, तुझ्या डेसशिवाय?" असं म्हणून ती स्वतःच हसली होती. माप तिने विचारलं नाही. मी सहा वर्षांची असल्यापासून ती मला तलावावरच्या कपडे बदलायच्या खोलीत उघडी बघत आलीय, तिला मापाची काय गरज. मी पिशवीत डोकावले, माझे कान तापले, आणि मी म्हणाले, थँक्यू, मर्ल. तिथेच म्हणायला हवं होतं, अगं, पण माझा आहे. दोन्ही आहेत. सहा शब्द. ते मी म्हणाले नाही, आणि नंतर दर रविवारी ते जास्त जड होत गेले.

गाठ माझ्या हाताला फेब्रुवारीत लागली होती. सुई घालून झाली, तपासणी झाली, आणि सर्जनबाई म्हणाल्या की साधी आहे, कॅन्सरची नाही, पण भराभर वाढतेय, काढलेली बरी. एप्रिलमध्ये काढली. लिंबाएवढी होती, आणि भोवतालचंही थोडं काढावं लागलं. नशीबवान आहेस, सर्जनबाई म्हणाल्या. नशीबवान आहात, नर्स म्हणाली. डेस, माझा नवरा, म्हणाला, नणंद फोनवर म्हणाली, ऑफिसात तर एकीने मिठीच मारली. एवढ्या लोकांनी नशीबवान म्हटल्यावर माणसाने निदान नशीबवान असल्यासारखं दिसायला तरी हवं. मी दिसत होते. पहिले तीन आठवडे तर खरोखरच सगळं छान होतं. कातडी निळी झाली, मग हिरवट, मग पिवळी, चिकटपट्ट्यांच्या कडा मळल्या, पण आकार जसाच्या तसा. मी डेसला म्हटलंसुद्धा, बघ, कळत नाही. ते पाणी होतं. रिकाम्या जागेत शरीर आधी पाणी भरून ठेवतं आणि मग सावकाश परत शोषून घेतं, हे मला कुणीतरी सांगितलं असणार आणि मी ऐकलं नसणार. मे संपता संपता एका सकाळी आरशात बघितलं तर डाव्या बाजूला, वर, काखेकडे, खळगा. अंगठा आरामात बसेल एवढा. बोंडी त्या दिशेला ओढली जाऊन तिरळ्या डोळ्यासारखी बाहेर बघत होती. नगरपालिकेत मी जमिनीच्या उंचसखलपणाचे नकाशे काढते. खोलगट जागा दाखवायची असली की आम्ही रेषेला आतल्या बाजूने बारीक दात काढतो, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की इथे टेकडी नाही, इथे खड्डा आहे. त्या दिवशी ऑफिसात मी दिवसभर तसे दात काढत बसले होते, एका फुटबॉलच्या मैदानाला, जिथे पाणी साठतं.

डेस बंदरात टगबोटीवर असतो, कोळशाची जहाजं आत आणतो. मोठा प्रामाणिक माणूस. त्याने दिवा लावून नीट बघितलं आणि म्हणाला, मला तर काही फरक दिसत नाही. त्यानंतर त्याचा हात कायम उजव्या बाजूला. मी हे मोजलं होतं, म्हणजे मुद्दाम नाही, पण कळतंच. एकदा त्याने त्या खळग्यावर ओठ टेकवले, अगदी हळू, आणि मी त्याच्यावर अशी भडकले की बिचारा उठून भांडी घासायला गेला. मला तरी कुठे सांगता येत होतं की मला काय हवंय? कुणी बघू नये असं वाटत होतं. कुणीतरी बघावं असंही वाटत होतं. आणि असं काही वाटण्याचा मला हक्क नाही, हे तर सगळ्यात आधी वाटत होतं. आई आठवायची. माझी आई, आयरिस. मी अकरा वर्षांची असताना तिची उजवी बाजू पूर्ण गेली, आणि तरी माझ्या आठवणीत ती त्या खोलीतल्या फवाऱ्याखाली उभी आहे, एका बाजूला सपाट, तिरकी शिवण, डोळे मिटलेले, तोंडाने बेसूर गाणं. त्यानंतर अठरा वर्षं ती तशीच दर रविवारी उभी राहिली. मी तिची मुलगी, आणि अंगठ्याएवढ्या खळग्यासाठी स्नानगृहाला आतून कडी घालते.

आमच्या खोलीत लपायला जागा नाही. समुद्राला लागून खडकात बांधलेला तलाव, त्याच्या कडेला बायकांची खोली. चार भिंती, सिमेंटचे बाक, खुंट्या, वर आकाश. पडदे नाहीत, आडोसे नाहीत. सगळ्याजणी एकमेकींसमोर कपडे काढतात आणि तोंडाने शेजारच्या कुत्र्याबद्दल, सुनेबद्दल, लाटांबद्दल बोलत राहतात. एक गोष्ट मात्र कुणी करत नाही. अंगाबद्दल कुणी विचारत नाही. पोट सुटलं, टाके पडले, सिझेरियनचा व्रण, काखेतली सूज, सगळं सगळ्यांना दिसतं आणि कुणी अवाक्षर काढत नाही. जिला सांगायचं ती सांगते. मी लहानपणापासून या गोष्टीचा अभिमान बाळगत आलेय, आणि घोळ झाला तो नेमका तिच्यामुळेच. डेसने कोरलला फोन करून एवढंच कळवलं होतं की रोवेना काही आठवडे येणार नाही, छातीचं ऑपरेशन आहे. कोरल आमच्या मंडळाची चिटणीस. तिने विचारलं नाही कसलं. कुणीच विचारलं नाही. आयरिसची मुलगी, छातीचं ऑपरेशन. झालं.

इकडे दक्षिण गोलार्धात मेच्या पहिल्या रविवारी आमचा पोहण्याचा हिवाळा सुरू होतो. मच्छीमारांच्या सोसायटीतून बर्फाच्या लाद्या येतात, त्या तलावात ढकलतात, आणि मग सगळ्यांनी उडी मारायची. टाके ओले करायचे नव्हते म्हणून मी पायरीवर गोधडी पांघरून बसले होते, पट्ट्या अजून चिकटलेल्या, आकार अजून छान. कोरलने माझी टोपी काठावरच्या खांबाला अडकवली. ते बघितल्यावर मला कळलं. ही पद्धत मी तेहतीस वर्षं बघत होते. ज्या बाईचा स्तन गेला तिच्यासाठी प्रत्येकीने एक जास्तीची फेरी मारायची, आणि काठ सोडण्याआधी तिचं नाव मोठ्याने घ्यायचं. आईसाठी मारली होती. त्या बर्फाच्या पाण्यात एकेकजण उतरत होती आणि ओरडत होती, रोवेना. तेवीस जणी. शेवटी मर्ल, नवीन बसवलेला खुबा घेऊन, कठड्याला धरत धरत. तिने माझ्याकडे बघून नाव घेतलं आणि पाण्यात गेली, आणि परत येईपर्यंत तिचे ओठ जांभळे झाले होते. मी काय केलं? मी हात हलवला. हसून. थांबा, असं नाहीये, हे ओरडून सांगणं तेव्हा मला फार उद्धटपणाचं वाटलं. खरं सांगायचं तर ते ऐकायला बरंही वाटत होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी मला नशीबवान म्हणत नव्हतं.

पुढे मी परत पोहायला लागले ते घरूनच पोशाख घालून, वर लांब बाह्यांचा सदरा चढवून. पोहून झाल्यावर ओल्या अंगाने गाडीत. खोलीत गेलेच तर कोपऱ्यात पाठ करून. कुणी काही म्हटलं नाही, उलट मर्ल बाकावर अशी सरकून बसायची की दाराकडून येणाऱ्यांना मी दिसू नये. तिच्या त्या रुंद, सुरकुतलेल्या पाठीमागे मी टॉवेलखाली चाचपडत कपडे चढवायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पिशवी घरी नेली त्या दिवशी डेस आत बघून म्हणाला, "म्हणजे आता तीन झाले की!" आम्ही दोघं पोट धरून हसलो. नंतर तो कामावर गेल्यावर मी कडी घातली आणि लाल बाहेर काढला. मागची शिवण मर्लने इतकी घट्ट घातली होती की सुटेना, म्हणून मी कात्री घेतली. आतला चिमूटभर कापूस काढला, जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळला, आणि ब्रामध्ये त्या खळग्यावर ठेवला. टी-शर्ट घातला. आरशात दोन्ही बाजू सारख्या. मी इतकी खूष झाले की बाजूने, समोरून, हात वर करून, वाकून बघितलं. मग ऑफिसला गेले. एका चिमटीने भागलं नाही, कापूस दबतो, म्हणून पुढे आणखी काढला, आणखी. लाल कपाटात पडून राहिला, पोट फाडलेल्या माशासारखा.

मंगळवारी भाजीच्या दुकानातून आल्यावर मी तो शिवायला घेतला. कापलेल्या जागेचे टाके सुटून खालपर्यंत धावले होते. मी एक धरला की शेजारचे दोन निसटायचे. बुधवारी लोकरीच्या दुकानात जाऊन तसा लाल दोरा आणला, पण विणता मला येत नाही. आईने शिकवायचा प्रयत्न केला होता, मी ऐकलं नव्हतं. गुरुवारी मनात आलं, हरवला म्हणून सांगावं. शुक्रवारी मनात आलं, वापरतेय म्हणून सांगावं, मर्ल लगेच राहू दे म्हणेल, आणि काही म्हणणारही नाही. हे खोटं इतकं सोपं होतं की त्याची भीती वाटली. शॉना मला फक्त चेहऱ्याने माहीत होती. एकोणचाळीस वर्षांची, पोरांची रांग घेऊन रस्ता ओलांडताना दिसते, हिरवी टोपी घालते. शनिवारी ती दुकानासमोर दिसली. नेहमीसारखीच चालत होती, आणि तिने मला ओळखून मान हलवली. तशी मान कुणी उगाच हलवत नाही. तिलाही सांगितलेलं होतं, माझ्याबद्दल. आपल्यासारखीच एक, बघ कशी हिंडतेय. मी मान हलवली, आणि घरी येऊन तो बनियनचा तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला.

रविवारी मी पोशाख घरून घालून गेले नाही. तो पिशवीत, टॉवेलमध्ये. दुसऱ्या कागदी पिशवीत लाल, उसवलेला, आणि नव्या दोऱ्याचा गुंडा. खोलीत मर्ल आणि कोरल होत्या. बाकीच्या आधीच पाण्यात गेल्या होत्या, भिंतीपलीकडून त्यांचं किंचाळणं ऐकू येत होतं. मर्ल डाव्या हाताने मोजा काढायची खटपट करत होती. तिने पिशवी घेतली, आत हात घातला आणि तो लांबलचक सुटलेला दोरा बाहेर आला.

"हे कसं झालं?" तिने विचारलं.

"कापला मी."

"का गं?"

आई कपडे टांगायची त्या खुंटीला पाठ टेकवून मी उभी होते. मी सांगितलं की मला कॅन्सर नव्हता. साधी गाठ होती. स्तन आहे, थोडा खचलाय, तिथे भरायला मी कापूस काढला. एवढं सगळं मी एका दमात आणि बहुधा मोठ्याने बोलले, कारण कोरलचा हात टोपीत तसाच राहिला. मग तिने टोपी डोक्यावर ओढली, टॉवेल उचलला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. कोरलची बहीण गेल्या वर्षी कॅन्सरने गेली. त्या दिवसापासून आजपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

मर्ल दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिली. "मी तुझं नाव घेतलं होतं," ती म्हणाली. "त्या पाण्यात. डॉक्टर नको म्हणत होता."

"माहितेय मला."

"आयरिसचं घेतलं होतं तसंच."

तिने चष्मा लावला आणि म्हणाली, "दाखव."

मी सदऱ्याची बटणं काढली. बोटं गारठली होती, वेळ लागला. ब्राचा पट्टा खाली घेतला. वरून, उघड्या छपरातून, ऑगस्टचा वारा सरळ अंगावर येत होता आणि ऊन इतकं स्वच्छ होतं की काहीच लपलं नसतं. मर्ल पुढे वाकली. बाजूने बघितलं, समोरून बघितलं, जसं मी आरशात बघते तसंच. मग तिने तो प्रश्न विचारला, जो कुणी विचारू नये म्हणून मी तीन महिने कड्या घालत होते.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणाले. "तरी मला वाईट वाटतं, मर्ल. रोज वाटतं. आईला बघून मोठी झालेय, तरी वाटतं. लाज वाटते."

मर्लने चष्मा काढून पदकासारखा गळ्यातल्या साखळीवर सोडला. "आयरिसला बघून," ती म्हणाली. "तू काय बघितलंस आयरिसचं? पहिला अख्खा उन्हाळा ती टॉवेल सोडायची नाही. तू आत असलीस की बसून राहायची. तुला आधी पाण्यात धाडायची आणि मग उठायची."

तो उन्हाळा मला चांगला आठवतो. मी अकरा वर्षांची. त्या वर्षी आईने मला पहिल्यांदा एकटीला पाण्यात जाऊ दिलं. "जा पुढे, मी आलेच," असं म्हणायची, बाकावर बसून, टॉवेल खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. मला वाटलं होतं, मी मोठी झाले म्हणून. मी वर्गात सांगितलं होतं सगळ्यांना. काठावरून उडी मारताना मी मागे वळून बघायची, ती खोलीच्या दारात येऊन आपल्याला बघतेय का म्हणून, आणि दार रिकामं असायचं, आणि मला त्याचाही अभिमान वाटायचा, की तिचा माझ्यावर इतका विश्वास आहे. गाणं त्यानंतरचं. गाणं पुढच्या उन्हाळ्यातलं असणार. मी ते आधीचं धरून चालले होते, एवढी वर्षं. मी तिथेच बाकावर बसले. आईच्या जागेवर बसले हे नंतर लक्षात आलं. माझ्या आईलाही लाज वाटली होती, माझ्यासमोर, आणि मी पाण्यात मजेत हातपाय मारत होते.

मर्लने मला रडू दिलं, पण फार वेळ नाही. तिने आपली पिशवी पायाने माझ्याकडे सरकवली. सुया त्यात होत्या, बांबूच्या, हाताळून गुळगुळीत झालेल्या. "गुरुवारपर्यंत पुरा व्हायला हवा," ती म्हणाली. "मी सांगते तसं कर. आणि हा लाल नको. त्या पोरीला हिरवा आवडतो, पिशवीत आहे बघ." मी म्हटलं, मला येत नाही. ती म्हणाली, मला हात नाही, तुला येत नाही, आणि शॉनाला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. मग तिने डाव्या हाताच्या बोटांनी माझ्या बोटांवर दोरा घातला आणि पहिला फास करून दाखवला. सुलटा, सुलटा, मग एक वाढवायचा. दहा टाके घातल्यावर मला कळलं की सगळे इतके आवळलेत की सुई आत जात नाही.

बाहेरून बायका परत यायला लागल्या, ओल्या पावलांनी, थंडीने हुहू करत. दारातून आत येणारी प्रत्येकजण समोर मला बघणार होती, कारण मर्ल या वेळी सरकून बसली नव्हती. पट्टा खांद्यावर घ्यायला माझे हात मोकळे नव्हते. सुया सोडल्या असत्या तर टाके गेले असते. पहिली आत आली, माझ्याकडे बघितलं, खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि म्हणाली की आज पाण्यात निळे जेलीफिश आहेत, जपून. मी बरं म्हटलं.

"सैल धर," मर्ल म्हणाली. "आवळलास तर तिला टोचेल."

मी खांदे खाली सोडले आणि दोरा जरा ढिला केला.